त्याला ऐकत होतं कोण?

पियानोच्या बाईंची उभी हयात मुलांना शिकवण्यात गेली. त्यांचा एक लाडका रचनाकार होता, दीडशे वर्षांपूर्वीचा. संगीतकोशात त्याच्यावर जेमतेम एक ओळ होती: 'हयातीत याला कुणी विचारलं नाही.' ही ओळ बाईंना सलत असे. शिकवण्या बंद केल्या आणि त्या थेट ग्रंथालयात जाऊन धडकल्या.

त्याच्या सिंफन्यांच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनांच्या, छापील प्रती कोऱ्या करकरीत निघाल्या. बाई हरखल्या. "किती जपल्यात हो लोकांनी!"

"जपल्यात कुठल्या?" ग्रंथपाल म्हणाले. "पानांच्या कडा अजून जोडलेल्याच आहेत. कुणी कापून उघडलीच नाहीत."

बाईंनी प्रती गोळा करून परत दिल्या.

घरी नवऱ्याने चहा पुढे सरकवला. "म्हणजे कोशवाले खरे. सोड आता नाद."

"अहो, न वाजवलेली प्रतच टिकते. वाजवून वाजवून चिंध्या झालेली कोण ठेवणार?"

मग त्यांनी शिंकत शिंकत जुनी वर्तमानपत्रं उपसली. हॉटेलांच्या आणि बागेतल्या बँडच्या जाहिरातींत त्याचं नाव सापडलं, पण ते एका नाचाच्या चालीसाठी: 'लोकाग्रहास्तव पुन्हा'. जाहिरात काय, वाटेल ते बोलते. म्हणून बाईंनी चावी दिली की आपोआप चाल वाजवणाऱ्या वाद्यपेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराला गाठलं. त्याने वेगवेगळ्या कारखान्यांच्या जुन्या पेट्या लावल्या. सगळ्यांतून तीच चाल. तिची छापील प्रत मात्र मुश्किलीने एकच मिळाली. कोपरे झिजलेले, जागोजागी ठिगळं, आणि कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याचे आकडे निरनिराळ्या हातांनी लिहिलेले.

बाईंचा चेहरा उतरला. ही चाल त्यांनी विद्यार्थ्यांना कधी वाजवू दिली नव्हती. सवंग म्हणून.

हे सगळं बाईंनी एका निबंधात लिहून संगीतमंडळाकडे छापायला दिलं. तो वाचून मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावलं. "सगळं झकास आहे. फक्त तो नाच गाळा. एवढ्या मोठ्या माणसाची शोभा होते."

"नाच गाळला तर लोकांनी त्याला ऐकलं कधी?"

"मग सिंफन्यांचंही थोडं कौतुक झालं होतं, असं घाला."

"पुरावा द्या, आत्ता घालते."

बरीच हुज्जत झाली. शेवटी अध्यक्षांनी हात टेकले आणि निबंध जसाच्या तसा छापला. सिंफन्या त्या काळी कुणी ऐकल्याची खूण सापडत नाही, हे वाक्यही त्यात होतं. ते लिहिणं बाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. पण लिहिलं.