व्यंकटेशची चूक

कुंभकोणमात संगणकाचा पहिला वर्ग निघाला तेव्हापासून रघुनाथराव तिथे सी भाषा शिकवत. त्यांचा चुलत भाऊ व्यंकटेश तिरुविडैमरुदूरहून बसने येऊन त्यांच्यापाशीच शिकला. तेव्हा त्यांना त्याचं कौतुक होतं. पुढे मात्र त्याचं नाव निघालं की त्यांना ठसका लागू लागला.

कारण घडलं शहाण्णव साली. बंगळूरच्या एका प्राध्यापकांनी तिथी काढणारी सीची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, लिहून मूळ कोडसकट फुकट वाटली. कुणीही चूक काढावी, दुरुस्ती पाठवावी. पटली तर पुढच्या आवृत्तीत त्याचं नाव यायचं. रघुनाथरावांनी सगळ्या फायली वर्गातल्या छोट्या संगणकावरच्या टर्बो सीत घातल्या, प्रोजेक्ट बांधला. कंपायलरने एकही चूक दाखवली नाही, पण तिथ्या आल्या भलत्याच. "लायब्ररीच भिकार," म्हणत त्यांनी फ्लॉपी व्यंकटेशकडे टाकली.

व्यंकटेशला आठवड्यात उमगलं. तिथीच्या गणितात लागणारा दिवसांचा अनुक्रमांक चोवीस लाखांच्या पुढचा, आणि टर्बो सीच्या इंटमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या खणात, बत्तीस हजारांवर काही मावत नाही. प्राध्यापकांच्या मोठ्या यंत्रावर तो मावत होता, म्हणून त्यांना कळलं नव्हतं. त्याने इंटच्या जागी मोठा खण, लाँग, घातला, तिथ्या बरोबर आल्या आणि नव्या आवृत्तीत त्याचं नाव छापून आलं.

"शिष्य गुरूच्या पुढे गेला म्हणायचा!" एका मुंजीत नात्यातले एक मामा म्हणाले. रघुनाथराव हसले, पण पंगतीतली खीर त्यांना कडू लागली. इंटची ही मर्यादा ते दर तुकडीला पहिल्याच आठवड्यात शिकवत.

त्यानंतर ते नव्या आवृत्तीतली चूक शोधत राहिले, आणि एकदाची ती सापडली. लायब्ररी येती एकादशी मंगळवारी दाखवत होती. घरातल्या, मठाने काढलेल्या पंचांगात ती बुधवारी होती.

रविवारी व्यंकटेश आला, तेव्हा त्यांनी त्याला बसूही दिलं नाही.

"तुझ्या लाँगमध्ये खोट आहे. बंगळूरला कळवतो. तुझं नाव काढून टाकतील."

"असेल, अण्णा," तो म्हणाला. "सापडली की मलाही दाखवा. मी तर तीनदा तपासलं."

सोमवारभर रघुनाथराव निळ्या पडद्यासमोर एफ-सेव्हन दाबत ओळ-ओळ पुढे सरकत होते. मधले आकडे दाखवणाऱ्या वॉच खिडकीत चंद्र बरोबर, सूर्य बरोबर, सूर्योदयाला तिथी अकरावी. सगळं बरोबर, याचाच त्यांना संताप आला. शेवटी त्यांनी उत्तरात एक दिवस मिळवला. ही एकादशी जुळली, पण आधीच्या सगळ्या बिघडल्या.

मंगळवारी संध्याकाळी वर्गाचे मालक कृष्णमूर्ति कॉफी घेऊन आले. बरोबरच्या बोंड्यांची बशी त्यांनी रघुनाथरावांपुढे सरकवली.

"तुम्हीच खा, राव. आमची एकादशी आज. तुमची उद्या ना?"

रघुनाथरावांचा बोंड्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. स्मार्तांची आज, आपली उद्या! पहाटे सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे सुमारे दीड तास, दशमी शिल्लक असली, तर वैष्णव ती एकादशी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी उपास करतात. मुंज झाल्यापासून ते हेच पाळत आले होते. लायब्ररी चुकली नव्हती. तिला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. आणि व्यंकटेशची खोट काढायच्या नादात त्यांना तो आठवलाही नव्हता.

आता खोट काढायची संधी गेली, पण नाव मिळवायची वाट निघाली. त्यांनी वैष्णव एकादशीचं नवं फंक्शन लिहिलं. पहाटेची तिथी काढायला त्यात व्यंकटेशने दुरुस्त केलेलं फंक्शनच बोलवावं लागलं. दुसरा मार्ग त्यांनी दोन दिवस शोधला, नव्हता. दात-ओठ खात त्यांनी ती ओळ टंकली. एकादश्या एकूण एक जुळल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी व्यंकटेशला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले, त्याचा चेहरा दिसेल असे.

"खोट नव्हती तुझ्यात," ते खाकरून म्हणाले. "पण हे तुला सुचलं नव्हतं."

व्यंकटेशने वरपासून खालपर्यंत वाचलं, प्रोग्रॅम चालवला, पुन्हा वाचलं.

"अण्णा, झकास! आजच पाठवा. आता आमच्या आईलाही दाखवता येईल, ती मला विचारतच होती की आपली एकादशी यात का नाही." तो मनापासून हसत होता.

रघुनाथरावांनी त्याच्या कपाळावर एक तरी आठी शोधली. नव्हती. त्या रात्री मेल पाठवताना त्यांना, नाव येणार असूनही, काहीतरी हरल्यासारखंच वाटत राहिलं.