व्याह्यांच्या वेलाचं नरफूल

माझं लग्न ठरवताना वडिलांनी दोनच प्रश्न विचारले होते. मुलगा कंपनीत कायम आहे का, आणि घरात पाणी कुठून येतं. दोन्हींची उत्तरं बरी मिळाली आणि त्यांनी मला रोह्याजवळच्या अष्टमी गावात देऊन टाकलं. भोपळ्याचं बी निवडताना मात्र त्यांना अशी घाई कधीच नसते.

आमचं माहेर पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला. भात निघालं की वडील विहिरीजवळच्या तुकड्यात भोपळा लावतात. खाण्याचा नाही, स्पर्धेचा. उन्हाळ्याच्या तोंडावर पेण-रोह्याकडच्या शेतकऱ्यांचं एक प्रदर्शन भरतं. तिथे सर्वांत जड भोपळ्याच्या मालकाला नारळ, फेटा आणि स्टीलची कळशी देतात. ही कळशी दरवर्षी माझ्या सासऱ्यांना मिळायची. आमच्या घरात त्या कळश्यांना जागा उरली नव्हती. एकीत मी तांदूळ ठेवते, एकीत सासूबाई सुकी मासळी ठेवतात.

वडील दुसरे यायचे. दुसऱ्याला नुसता नारळ.

निकालानंतर दोघे व्याही एकमेकांना भेटत, तब्येत विचारत, पावसापाण्याचं बोलत. भोपळ्याचा विषय निघत नसे. मग वडील मला बाजूला घेऊन विचारायचे, "देठ केवढा होता गो? मनगटाएवढा?" मी हो म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि नाही म्हटलं की ते मला खोटारडी समजायचे.

पुढे त्यांच्या हातात मोठा फोन आला. परदेशात लोक टेम्पोएवढे भोपळे पिकवतात हे त्यांनी पाहिलं, पण त्यांना आकाराचं तेवढं नवल वाटलं नाही. तिकडे बीला आडनाव असतं, त्याचं त्यांना नवल वाटलं. भोपळा कोणी पिकवला, किती भरला, त्याची आई कोण, बाप कोण, आजा कोण, सगळं बीबरोबर लिहून येतं. "पत्रिकाच म्हण," ते म्हणाले. माझी पत्रिका त्यांनी कधी काढलीच नव्हती, हे मी त्यांना सुनावलं. त्यांनी ऐकलं नाही.

कुणाकडून तरी त्यांनी तसलं बी मागवलं. वेल जोरात निघाला, मग आमच्याकडचं दव त्याच्या पानांवर बसलं, पांढरी भुरी आली आणि तो गेला. वडिलांनी तो उपटून टाकला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बी इथल्या हवेला रुळलेलं हवं आणि घराणं जड हवं. असं घराणं आसपास एकच होतं, आणि नेमकी तिथेच त्यांनी मुलगी दिली होती.

मी म्हटलं, मग मागा की दोन बिया.

"मुलीच्या सासरी मागायला जायचं नाय," ते म्हणाले. मुलीच्या घरचं खायचं नाही म्हणून त्यांनी आमच्याकडे कधी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. चहासुद्धा नाही. सासरेही न मागता बी देणाऱ्यातले नव्हते. गौरीला घारग्यांसाठी म्हणून ते माझ्या माहेरी भोपळ्याची भलीमोठी फोड पाठवायचे, पण आतून खरवडून, धुऊन, पुसून. प्रदर्शनातला मोठा भोपळा तर ते कापतच नसत. शिंकाळ्यात टांगून ठेवायचे आणि पेरणीच्या दिवशी फोडून बी काढायचे. बी फळातच सुरक्षित, असं त्यांचं मत होतं.

वडिलांनी यावर बरेच दिवस विचार केला. मग मला समजावलं. भोपळ्याची आई सगळ्यांना दिसते, ज्या वेलाला फळ धरलं तो वेल. बाप कोण ते मधमाशीलाच ठाऊक. वजन दोघांकडून येतं. तेव्हा बी नाही मिळालं तरी चालेल, व्याह्यांच्या वेलाचं एक नरफूल मिळालं तरी निम्मं घराणं हातात येतं. आणि नरफुलांचं काय, त्यांची आपण भजी करतो. फुलाची कुणी चोरी धरत नाही.

"आणशील ना गो?" ते म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात ते माझ्याशी माझ्या पाठवणीच्या दिवशीसुद्धा बोलले नव्हते.

सासरे रोज संध्याकाळी घरामागच्या परड्यात जाऊन दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांची तोंडं लाल लोकरीच्या दोऱ्याने बांधायचे. म्हणजे मधमाशी आत शिरत नाही. सकाळी दोरा सोडून स्वतःच्या हाताने नर मादीला लावायचे. मला असलं बांधलेलंच फूल हवं होतं. एका थंडीच्या पहाटे ते आंघोळीला गेले असताना मी एक नरफूल दोऱ्यासकट खुडलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि डब्यात ठेवलं. मी कामाला जायचे त्या कंपनीत वडिलांची तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. ते खोटं नव्हतं, आठवडाभर त्यांना झोप नव्हती.

गाडीत शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, भाजी. पेणला वडील इस्त्रीचा शर्ट घालून फलाटावर उभे होते, सीमांतपूजनाला उभे राहावं तसे. माझ्या हातून त्यांनी आधी डबा घेतला. मी बरी आहे का, हे त्यांनी रिक्षा विहिरीपाशी पोचल्यावर विचारलं.

त्यांनी एका मादी फुलाचा दोरा सोडला, नरफुलाच्या पाकळ्या काढल्या, आतला पिवळा दांडा त्याला हलक्या हाताने फिरवून लावला आणि फूल पुन्हा बांधलं. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी खूण म्हणून देठाला बांधली.

"ह्या फळात काय नाय बघ," ते म्हणाले. "जे काय हाय ते बियांत. पुढल्या साली कळशी आपली."

त्या वर्षीची कळशी नेहमीप्रमाणे सासऱ्यांना मिळाली. वडील पहिल्यांदाच हसतमुखाने घरी गेले.

पावसाळा संपता संपता सासरे गेले. सकाळी परड्यात कुंपण बांधत होते, दुपारी नव्हते. मला त्या माणसाचा राग यायचा. ते सगळं मोजायचे, अगदी पोळ्यासुद्धा. पण परड्यात ते दिसेनात तेव्हा मला इतकं रिकामं वाटलं, की मी सारखी मागच्या दाराशी जाऊन उभी राहत होते.

तेराव्याला भाऊबंदांचं मोठं पान होतं. भोपळ्याची भाजी करायची होती. कुणीतरी म्हणालं, त्यांच्या हातचा मोठा भोपळा आहेच, तोच लोकांच्या मुखी पडू दे. सगळ्यांना ते पटलं. मी भटजींचं सामान काढत होते. स्वयंपाकघरात आले तेव्हा भाजी शिजत होती आणि शिंकाळं रिकामं होतं.

वडील पंगतीला होते. तेराव्याच्या पानाला नाही म्हणता येत नाही. भाजी वाढली तशी ते तिच्याकडे बघत राहिले. हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, "बिया?"

"शेजारच्या शेळ्यांना घातल्या," मी म्हटलं.

हात पुसून ते गावी निघाले. मला वाटलं, आता व्याह्यांचं घराणं एकट्या त्यांच्याकडेच उरलं. कळशी नक्की, आणि ज्यांना हरवायचं तेच नाहीत.

दिवाळी झाल्यावर पेरणीच्या आधी आमच्या दारात टेम्पो थांबला. चिंधी बांधलेला भोपळा गोणपाटात घालून दोन माणसांनी उतरवला. सासूबाई अंगणात आल्या. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली.

"विहीणबाय, हा निम्मा तुमचा हाय. गेल्या साली मुलीकडून फूल आणवलं होतं मी. विचारलं नाय."

 सासूबाईंनी भोपळ्यावरून हात फिरवला.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ह्यांनी दोरे मोजले, एक कमी भरला. सूनबाय रोजच्या आधीच गेलेली, डबा नाय. मी म्हटलं, आली की विचारते. तर म्हनले, नको विचारू. पेणला गेलं असंल. चांगल्या घरी पडलं."

वडील ओट्यावर बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी कोयता मागितला, भोपळा फोडला आणि बिया दोन सुपांत सारख्या वाटल्या. त्यातल्या टपोऱ्या बिया निवडून ते सासूबाईंच्या सुपात टाकत होते. मग हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "पान वाढ गो. आज जेवून जातो."