चिअरचं कूळ सांगणारे माणगावे सर

मंडळी, आधी खुशाली. कबनूरच्या शिवाप्पांची कंबर आता कशी आहे? आक्काताई, डोळ्याचं ऑपरेशन झालं, सुईत दोरा ओवता येतो ना? बाकीच्यांचे गुडघे, खोकले, नातवंडं? गौरवलेख असा सुरू करतात का, ठाऊक नाही. पण माणगावे सरांच्या वर्गाची हजेरी अशीच सुरू व्हायची. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं नाही, घरची खुशाली सांगायची.

त्यांची-माझी पहिली भेट त्या हजेरीतच. मी इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला; शाळा चौथीत सुटलेली. सुट्टीदिवशी सकाळी कोल्हापुरात तालमीच्या माडीवर सर आम्हा कामकऱ्यांना इंग्रजी शिकवत.

"खुशाली?"

"म्हैस आटलीया, सर."

सगळी माडी हसली. सर हसले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी आधी म्हशीची चौकशी केली, मग माझी.

शिकवायची तऱ्हाही तशीच. म्हणायचे, "पावण्याला गाव विचारतो न्हवं आपण? मग शब्दाचं कूळ नको विचारायला?" एकदा चिअरफुल हा शब्द आला. आम्ही 'आनंदी' लिहून वही मिटली. सरांनी ती परत उघडायला लावली. चिअर म्हणजे मुळात चेहरा, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलेला. मग चेहऱ्यावरचा भाव, बरा-वाईट कसलाही. पुढं नुसता आनंद. पाहुण्यापुढं वाढलेलं चांगलंचुंगलं तेही चिअर, आणि मैदानातली शाबासकीची आरोळीही.

"म्हंजे सर, रडका चिअरबी असायचा?" शिवाप्पांनी विचारलं.

"व्हय की. चेहरा म्हटल्यावर कवातरी पडणारच."

पुढं तो पडला सरांचाच. तोंडावरनं वारं गेलं, अर्धं तोंड वाकडं झालं, शब्द ओठांतून निसटू लागले. निरोप आला: वर्ग बंद, वाकड्या तोंडाचा मास्तर कुणाला हवा?

शिवाप्पा, आक्काताई आणि मी सरांच्या घरी गेलो. सर भिंतीकडं तोंड करून बसले होते. आक्काताईंनी आणलेली पिठलं-भाकरी पुढ्यात ठेवली. तेवढ्यात शिवाप्पांनी कोनाड्यातली हजेरीची वही काढली.

"माणगावे सर!"

शिवाप्पांनी पेन उघडलं.

"खुशाली सांगा, न्हायतर गैरहजर मांडतो."

इतकी वर्षं सरांनी आमच्या म्हशींचीसुद्धा चौकशी केली. आम्ही त्यांची खुशाली एकदाही विचारली नव्हती.

सर वळले. "बरं न्हाय रे, शिवाप्पा," म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला. जरा वेळानं त्याच तोंडानं अर्धं हसले. "पिठलं निवालं की!"

जेवताना घास ओठाच्या कडेनं सांडत होता. आक्काताई न बघितल्यासारखं करून वाढत राहिल्या. पुढच्या सुट्टीला वर्ग भरला, आणि तेव्हापासून हजेरीत पहिलं नाव सरांचं. तोंड पुरतं सरळ झालं नाही. पण त्याच तोंडानं त्यांनी आमच्यासारख्या कितीजणांना मॅट्रिकपार नेलं.

आता सर राधानगरीला लेकीकडे असतात. पंच्याहत्तरीच्या समारंभाला येणार नाही म्हणतात. फोटो काढतील ना!

सर, फोटोवाल्याला आम्ही नको म्हणून सांगितलंय. पिठलं मात्र गरम असेल. अंगात बळ राहो, राधानगरीचा पाऊस तुम्हाला मानवो, आणि शंभरीलाही आमच्या वह्या परत उघडायला लावा. हजेरीच्या वहीत तुमच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आहे. बरी असो, वाईट असो, खुशाली तेवढी लवकर लिहून पाठवा.