युस्तोलियाचे तोतोपो

माझी बायको युस्तोलिया हुचितानच्या बाजारात तोतोपो विकायची. मातीच्या भट्टीत भाजलेली ही मक्याची कडक चकती महिनोन्महिने टिकते. फुगू नये म्हणून थापतानाच तिला बोटाने भोकं पाडतात. युस्तोलियाचं बोट बारीक, भोकं दाट.

मी दूर तेलाच्या कारखान्यात कामाला होतो. गावचं कुणी आलं की तिची टोपली यायची. एकदा गावचा मित्र एलिओदोरो घेऊन आला.

"वहिनी मजेत आहेत. तूच वाळलायस, खा जरा."

मी फडकं उघडलं. भोकं मोठी होती, विरळ होती.

"हे तिच्या बहिणीच्या हातचे. युस्तोलियाला काय झालं?"

तो खाली बसला. "ती गेल्यावरची नऊ दिवसांची प्रार्थनाही झाली, भाऊ. जाताना म्हणाली, त्याची टोपली चुकवू नका."