साखळी दोन हात कमी पडली

नववीत शाळा सुटली ती सुटलीच. कापडाच्या दुकानात मापं काढता काढता लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आले. मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळू लागला, तशी मी बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याच्या क्लबच्या फाटक्या जर्सी शिवू लागले. पुढे पाण्याचे कॅन आले, मैदानाचं बुकिंग आलं, पंचांना फोन करणं आलं. एक दिवस क्लबचे अध्यक्ष म्हणाले, “मॅनेजर तुम्हीच व्हा. एक सामना सांभाळा, मग समिती ठरवेल.”

अध्यक्ष म्हणजे सत्तरीतले अमेरिकन गृहस्थ, आम्ही त्यांना सर म्हणतो. या खेळात पैसे नुकते मिळू लागले, त्या काळात त्यांचे आजोबा तिकडे एका संघाचे मॅनेजर होते. तिकिटं तेच विकायचे, मैदानही तेच आखायचे. “शाळा त्यांचीही अर्धीच झाली होती,” सर म्हणाले. खरं की मला धीर द्यायला, ते मी कधी विचारलं नाही.

बाकीचे पालक डिग्रीवाले. फजिती होईल या धास्तीने सामन्याच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचले आणि दर दहा यार्डांवर खिळ्यांनी पांढरी पट्टी ठोकली. चेंडू घेऊन चार प्रयत्नांत तेवढं पुढे जावं लागतं. मोजायला दहा यार्डांची साखळी असते. मुलाने ती सहज दोन पट्ट्यांमध्ये धरली.

“आई, कमी पडतेय.”

“नीट ताण.”

“ताणलीय ला.” सिंगापूरचं ‘ला’ त्याच्या मराठीतही शिरलंय. “तू मीटरने मोजलंस?”

मीटरनेच. यार्ड म्हणजे आपला वार, मीटरपेक्षा थोडा लहान. आमच्या दुकानात गिऱ्हाईक वार मागायचं, आम्ही मीटर मोजायचो. कुणाचं काही अडायचं नाही. साखळीच जुनी झालीय म्हणावं, असं मनात आलं. पण तेवढ्यात सर आले, त्यांच्यासमोर जीभ रेटेना. सांगून टाकलं.

“सगळ्याच चुकल्यात?”

“सगळ्याच.”

“मग बरंय. एखादी बरोबर असती तर ती शोधत बसलो असतो.” दुखऱ्या गुडघ्यांनिशी ते खाली बसले आणि खिळे उपटू लागले. ते बघून तोवर आलेले पालकही वाकले. सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला.

तांजोंग पगार भागात एका पालकांच्या ऑफिसात समिती बसली. उशीर का झाला, विचारलं. मी उभी राहून सांगितलं, मापाची चूक माझी. पुण्याचे एक गृहस्थ हसले, “वहिनी, जास्तच मोजलंत ना, कमी तर नाही?” सरांनी मॅनेजरकडे असते ती सामानखोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

दर शनिवारी अजूनही सगळ्यांच्या आधी पोचते. आता आधी साखळी टाकते, मगच पट्टी.