सकाळी निघणारे काका

निघायची वेळ ठरवण्यात आमच्या शेजारच्या काकांनी जेवढं आयुष्य घालवलं, तेवढ्यात दुसऱ्या माणसाने पृथ्वीप्रदक्षिणा केली असती. तुम्ही भावंडं लहानपणी सुट्टीत चंद्रपूरला आमच्याकडे आलात की त्यांच्या गाडीत बसून भोंगा वाजवायचात, तेच हे काका. त्यांची सारी नोकरी अहेरी-भामरागडकडे रस्ते बांधण्यात गेली. तिथे अंतर कुणी मैलात सांगत नाही. नाल्याला पाणी किती, एवढंच विचारतात. पूर उतरेपर्यंत अलीकडे थांबायचं आणि दिवेलागणीच्या आत गाडी फाटकात घ्यायची, हे नियम त्यांच्या अंगात मुरले होते. निवृत्त होताना त्यांनी वेंगुर्ल्याजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं, कारण काकू एकदा म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर जंगलच पाह्यलं. मले समुद्र पाहाचा आहे."

घर झालं, पण निघणं होईना. रोज संध्याकाळी काका आमच्या अंगणात खुर्ची ओढून नवा बेत मांडत. दुपारनंतर निघालो तर पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येणार, म्हणून दुपार बाद. अंधार तर बादच. उरली सकाळ, त्यात ट्रकांच्या आधी यवतमाळ ओलांडायचं. "असं पाहून राह्यले जसं लगीनच लावाचं आहे," काकू आतून म्हणत. "अवो, मुहूर्त तरी निघते कधी ना कधी!"

शेवटी एका पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही निघालो. मी काकूंबरोबर मागच्या सीटवर. डिकीत दोरखंड, फावडं आणि आठवडाभराचे तांदूळ. नांदेडच्या अलीकडे चकचकीत चौपदरी रस्त्यावर गाडी थांबवून काकांनी ढाबेवाल्याला विचारलं, "पुढचा पूल चालू आहे ना, भाऊ?" तो बिचारा म्हणाला, "बंद कधी होता?" ऊन कललं की मुक्काम. असं करत नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करून आम्ही आंबोलीला पोचलो. वेंगुर्लं खालीच होतं. मुक्कामाला टेकण्याआधी काकू कड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. दूर ढगांखाली एक चकाकती रेघ दिसत होती.

"उतरू ना आता. चहा तिथीच पिऊ," काकू म्हणाल्या.

"मधातच अंधार पडंल. सकाळी जाऊ."

सकाळी धुकं असं की गाडीचं नाक दिसेना. त्यातच चहावाला म्हणाला, घाटात झाड पडलंय, हटवताहेत. काकांना भामरागडचा पूर आठवला असावा. अशा वेळी मागे फिरण्यातच शहाणपण, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं, आणि त्यामुळे कित्येक जीव वाचलेही होते. दुपारी लख्ख ऊन पडलं, तेव्हा आमचं तोंड कोल्हापूरकडे होतं. "दिवाळीनंतर येऊ, नक्की," ते म्हणाले. काकू बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दिवाळीनंतर काकू अंथरुणाला खिळल्या. मी रोज जाऊन बसायची. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ते चकाकत होतं, तो समुद्रच होता ना?" मी हो म्हटलं. मला अजूनही ठाऊक नाही. होळीच्या आधी त्या गेल्या.

त्यानंतर काका अंगणात आले नाहीत. बेत नाही, खुर्ची नाही. एके दिवशी भर दुपारी त्यांची गाडी निघताना दिसली, सगळं ऊन समोरच्या काचेवर घेऊन. फाटकाशी मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नसावी.

तीन-चार दिवसांनी सकाळी फोन आला.

"पोचलो, बाई. काल अंधारातच घाट उतरलो." मग हळूच म्हणाले, "काईच झालं नाई."

मागे लाटांचा आवाज येत होता. मला काही सुचेना, म्हणून परतीला कधी निघणार असं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "काई ठरवलं नाई, बाई."