चन्नम्मांची दोन पिंपं

चन्नम्मा कागलहून कोल्हापुरात मुलाकडं राहायला आल्या, आणि इमारतीच्या फाटकाजवळच्या कचऱ्याचा वास काही त्यांना सोसेना. त्यांनी मुलाकडून, शिवकुमारकडून, दोन जुनी पिंपं आणवली, भोकं पाडून घेतली आणि घरातला ओला कचरा, वाळला पाला, वर शेणकाला असं थरावर थर घालायला लागल्या. उन्हाळा संपेतो काळंभोर खत तयार झालं. मागच्या जागेत वांगी धरली, दोडक्याचा वेल कंपाउंडवर चढला.

मग इमारतीनं सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मजल्यांवरच्या बादल्या पिंपांपाशी येऊन पडायला लागल्या. आधी चन्नम्मांना बरंच वाटलं. पण बादलीत भाजीच्या देठांबरोबर दुधाच्या पिशव्या असत, डायपर असत, आणि रविवारी मटणाची हाडं. चन्नम्मा लिंगायत, त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. स्टुलावर बसून त्या चिमट्यानं हाडं वेगळी काढत, मग पुन्हा आंघोळ करत, तेव्हा कुठं पूजेला बसत. कुणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

"अव्वा, सोडा की आता," सून सुष्मिता म्हणायची.

"सुरू मीच केलंय न्हवं?"

एकदा कांद्याच्या टरफलांखाली फुटका ग्लास निघाला. तळहात चिरला, टाके पडले. हात बरा झाला तरी चन्नम्मा खाली उतरल्या नाहीत.

बादल्या तुंबल्या, अळ्या झाल्या. सोसायटीचे चेअरमन विजयसिंह वर आले.

"अव्वा, खाली लई वास मारतोय. हात बरा न्हाय का अजून?"

"बरा झालाय."

"मग?"

"दमलो बाबा मी."

"असं म्हणून कसं चालंल? तुमच्यावरच चाललंय की सगळं!"

"त्येच की," चन्नम्मा म्हणाल्या आणि चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

विजयसिंहांनी बैठक बोलावली. तिघं आले. पाळ्या ठरल्या, कुणी पाळल्या नाहीत. शेवटी बादल्या घंटागाडीत रिकाम्या व्हायला लागल्या, ओलं-सुकं एकत्रच. चन्नम्मा गॅलरीतून ते बघत उभ्या राहायच्या, पण पाय जिन्याकडं वळत नव्हते.

एका संध्याकाळी तळमजल्यावरचा नईम, गाद्या शिवणारा, दारात येऊन उभा राहिला.

"अव्वा, त्यात आमच्यातली बी हाडं असत्यात. तुम्ही कधी बोललासा न्हाय."

"बोलायला बी जोर लागतोय, नईम."

"एक पिंप मी बघतो. तुमच्या घरचं आन् आमचं, तेवढंच. हाडं न्हाय येणार त्यात."

नईम बघतो, जमेल तसं. कधी पाला घालायचा विसरतो, मग आंबूस वास येतो आणि चन्नम्मा वरूनच सांगतात. दुसरं पिंप पालथं पडलंय. दोडक्याचा वेल पाण्याविना वाळला, वांगी तेवढी तगली. चन्नम्मा आता दुपारी जेवून आडव्या होतात, आणि चहाची वेळ टळून गेली तरी सुष्मिता त्यांना उठवत नाही.